अकरावी बिघडल्यावर: बारावीतच अर्ज, एक वर्ष थांबणं, की कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफर?

अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाचा हा प्रश्न ज्यांच्या घरात सध्या चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. जीपीए (ग्रेडची सरासरी) कसा काढतात, अर्ली डिसिजनने (प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं या अटीवरचा लवकरचा अर्ज) आपण कसे बांधले जातो, कॉमन ॲपवर (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) काय काय भरावं लागतं, यात शिरत नाही. ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत असणार. मी कॅलिफोर्नियात शाळा केली. अकरावीच्या वर्षी वडिलांचं मोठं आजारपण निघालं, ते वर्ष घर आणि हॉस्पिटल यांच्यातच गेलं आणि तोवर बरे चाललेले ग्रेड बी-सीवर येऊन बसले. पुढे रस्ते तीन होते. बारावीत सगळ्यांबरोबर अर्ज करायचा आणि झाल्या प्रकाराचं स्पष्टीकरण जोडायचं. किंवा गॅप इयर घेऊन पुढच्या हंगामात अर्ज करायचा. किंवा कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे गावातल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, दोन वर्षं काढून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर घ्यायची. चौथाही एक असतो: मिळेल त्या चार वर्षांच्या कॉलेजात जायचं आणि तिथून हलायचं. त्याबद्दल नंतर दोन शब्द.

पण बिघडलेलं वर्ष कोणतं, यावरच निम्मा निर्णय होतो. नववी बिघडली असेल तर सरळ बारावीत अर्ज करा, इतका विचार करू नका. यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, नववीचे ग्रेड जीपीएत धरतच नाही. तिथे दहावी-अकरावीचा हिशेब होतो. खासगी कॉलेजं नववी पाहतात, पण त्यानंतरची दोन वर्षं चढती असतील तर बहुधा कोणी खोलात जात नाही. दहावी बिघडली असेल तर सावरल्याचं दाखवायला अख्खी अकरावी हाताशी असते. बारावी बिघडली तर प्रश्नच वेगळा, तिथे मिळालेला प्रवेश टिकवण्याची गोष्ट आहे. प्रवेशपत्रातल्या अटी नीट वाचा आणि काही घडलं असेल तर कॉलेजला तुम्हीच आधी कळवा. पेच पडतो तो अकरावीवाल्यांना. यूसीच्या जीपीएत ते एक वर्ष म्हणजे अर्धा हिशेब, आणि खासगी कॉलेजांच्या दृष्टीनेही सगळ्यात वजनदार. एपीचे, म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे, जड विषय त्याच वर्षी असतात, आणि शिफारसपत्रं साधारणपणे त्याच वर्षीच्या शिक्षकांची मागितली जातात.

ग्रेडच्या बाबतीतही एक विचित्र गोष्ट आहे. यूसीच्या नियमात डी किंवा एफ मिळालेला विषय पुन्हा घेता येतो आणि नवा ग्रेड धरला जातो. सी मिळालेला विषय मात्र सुधारण्यासाठी पुन्हा घेऊन उपयोग नाही, तो सी तसाच राहतो. म्हणजे पूर्ण बुडालेल्याला दोरी मिळते, कसाबसा तरंगणाऱ्याला नाही. माझे बरेचसे सी होते, त्यामुळे समर स्कूलचा मार्ग माझ्यासाठी जवळजवळ बंदच होता. तुमच्याकडे डी असतील तर आधी उन्हाळ्यात ते धुऊन काढा, मग पुढचं वाचा.

आता पहिला रस्ता, बारावीत अर्ज. लोक समजतात तितका तो वाईट नाही. प्रवेश समितीतली माणसं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचं गुणपत्रक, संदर्भासकट वाचतात: शाळा कशी आहे, विषय किती अवघड घेतले, घसरण कधी सुरू झाली आणि कुठे थांबली. कॉमन ॲपमध्ये त्यासाठी जागाही आहे. २०२५-२६ पासून आव्हानं आणि परिस्थितीबद्दलचा २५० शब्दांचा वेगळा प्रश्न आहे, आणि ॲडिशनल इन्फर्मेशनची जागा ६५० वरून ३०० शब्दांवर आणली आहे. माझ्या मते हे बरंच झालं. स्पष्टीकरण जितकं लांबतं तितकं ते केविलवाणं वाटायला लागतं. काय झालं, कधी झालं, त्याचा कोणत्या विषयांवर परिणाम झाला, आता काय स्थिती आहे, एवढ्या चार गोष्टी मावल्या की पुरे. मुख्य निबंध मात्र त्या वर्षावर खर्च करू नये असं मला वाटतं, तिथे तुम्ही स्वतः दिसायला हवं. आणि शाळेच्या काउन्सेलरने त्याच्या पत्रात हेच सांगितलं तर ते तुम्ही सांगण्यापेक्षा जास्त खरं ठरतं.

इथे आपल्याकडच्या घरांची एक अडचण असते. घरातलं दुखणं बाहेर सांगायचं नाही हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की काउन्सेलरला आजारपणाची गंधवार्ताही नसते. मग ऑक्टोबरात अचानक जाऊन सांगितलं तर तो तरी पत्रात काय लिहिणार? आमच्या आईने सुरुवातीलाच शाळेला कळवलं होतं, त्यामुळे माझा तो भाग सोपा गेला असता. म्हणजे स्पष्टीकरण लिहिण्याची मला अडचण नव्हती.

अडचण होती कॅलेंडरची. बारावीच्या ऑगस्टमध्ये मी नीट अभ्यासाला लागलो होतो, वडीलही सावरत होते. काउन्सेलरने ट्रान्सक्रिप्टची प्रत हातात दिली ती पाहिली. वर नववी, दहावी, मग अकरावीची दोन सेमिस्टर, आणि खाली बारावीचे विषय नुसतेच, पुढे ग्रेड नाही. यूसीच्या अर्जातही तेच: बारावीच्या विषयांपुढे ‘आयपी’, म्हणजे चालू आहे. अर्ली डिसिजनची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर. त्या दिवशी वाचणाऱ्याच्या हातात जो कागद जातो त्याची शेवटची ओळ म्हणजे माझ्या शालेय आयुष्यातली सगळ्यात वाईट ओळ. निकाल डिसेंबरच्या मध्यावर, म्हणजे पहिलं सेमिस्टर संपायच्या आत. तीन विकेट पडल्याबरोबर धावफलक बघून सामन्याचा निकाल लावावा तसं हे होतं. बरं, अर्ली डिसिजन सोडून द्यावं तर बऱ्याच खासगी कॉलेजांत निम्म्याच्या आसपास जागा त्याच फेरीत भरतात. म्हणजे ज्या फेरीत शक्यता सगळ्यात जास्त, त्याच फेरीत माझी बाजू सगळ्यात दुबळी.

रेग्युलर फेरीत हे थोडं सुधारतं. अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला जातो, पण शाळा मिड-इयर रिपोर्ट पाठवते आणि बारावीच्या पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड फेब्रुवारीपर्यंत पोचतात. एक चांगलं सेमिस्टर मांडता येतं. पण एकच. आणि यूसीला तर तेही नाही. अर्ज नोव्हेंबरअखेर भरायचा, जीपीएत दहावी-अकरावी, शिफारसपत्रं सहसा मागवत नाहीत, एसएटी २०२१ पासून बघतच नाहीत. बारावीत मी कितीही चांगलं केलं असतं तरी तो आकडा हलणार नव्हता. कॅलिफोर्नियातल्या मुलाला घराजवळची, परवडणारी आणि नावाजलेली म्हणून यूसीच डोळ्यासमोर असते, आणि नेमकी तीच सगळ्यात कमी लवचीक निघाली. ही एकच गोष्ट मला इतकी खुपत राहिली की पुढचे सगळे फायदे-तोटे मी याच चष्म्यातून मोजले. वाईट ग्रेडनंतर किती चांगले ग्रेड आले आहेत, आणि फाइल उघडली जाईल तेव्हा ते त्यात असतील का, एवढंच मी प्रत्येक रस्त्याला विचारायला लागलो.

गॅप इयरला हा प्रश्न विचारला तर उत्तर अर्धं मिळतं. खासगी कॉलेजांसाठी तो खरंच उपयोगी आहे. पुढच्या १ नोव्हेंबरला तुमच्याकडे पूर्ण बारावी असते, बारावीच्या शिक्षकांची पत्रं असतात आणि अर्ली डिसिजनही खुलं होतं. मधल्या वर्षात काही ठोस काम केलं असेल, नोकरी, घरातल्या आजारी माणसाची देखभाल, काहीही, तर फाइल आणखी भरदार होते. पण यूसीचा हिशेब दहावी-अकरावीवरच अडलेला असतो, तिथे थांबून फार फरक पडत नाही. शिवाय त्या वर्षात रिकामं बसायला नको म्हणून कम्युनिटी कॉलेजात नेहमीच्या टर्मला नाव घातलं की यूसीच्या लेखी तुम्ही फ्रेशमन, म्हणजे थेट पहिल्या वर्षाचे, अर्जदार उरत नाही, ट्रान्सफर अर्जदार होता. बारावीनंतर लगेचच्या उन्हाळ्यातले कोर्स तेवढे चालतात. हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. खासगी कॉलेजांचे नियम वेगवेगळे, म्हणून नाव घालायच्या आधी विचारून घ्या.

एच-फोरवर, म्हणजे पालकांच्या एच-वन-बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलांनी आणखी एक गोष्ट मनात धरावी. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतो आणि बहुतेकांना एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. थांबलेलं एक वर्ष त्या तारखेच्या आणखी जवळ नेतं. आमच्या ओळखीत एका मुलीने गॅप इयर घेतलं आणि तिला छान फळलं. पण ती नागरिक होती, शाळेची बारावी चमकदार होती आणि तिला पूर्वेकडच्या लहान खासगी कॉलेजांतच जायचं होतं. तिच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं.

मी निवडलेला रस्ता कम्युनिटी कॉलेजचा. हे सांगितल्यावर मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोकांचे चेहरे कसे होतात ते तुम्हाला माहीत असेल. ‘अरे, मग चार वर्षांचं कुठेच नाही मिळालं?’ हा प्रश्न आईला माझ्यापेक्षा जास्त वेळा विचारला गेला. त्याचं उत्तर आकड्यांत द्यायचं तर असं: यूसीएलएत, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसमध्ये, फ्रेशमन म्हणून अर्ज करणाऱ्यांपैकी अलीकडच्या वर्षांत दहांत एकाला, कधी त्याहूनही कमी जणांना प्रवेश मिळतो, ट्रान्सफरने साधारण चारांत एकाला. आणि यूसीत ट्रान्सफरने येणाऱ्यांत दहांपैकी नऊच्या वर कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतलेच असतात. अर्थात ही दोन रांगांतली माणसं सारखी नसतात, त्यामुळे या आकड्यांची थेट तुलना करून ‘ट्रान्सफर सोपी’ असं म्हणणं मला पटत नाही. पण दार अरुंद नाही, एवढं नक्की.

माझ्या प्रश्नाला इथे मिळालेलं उत्तर सगळ्यात स्वच्छ होतं. ६० सेमिस्टर युनिट (म्हणजे क्रेडिट), क्वार्टर पद्धत असेल तर ९०, पूर्ण करून तिसऱ्या वर्षात जाणाऱ्याची निवड करताना यूसी हायस्कूलचे ग्रेड धरत नाही. नोव्हेंबरअखेर अर्ज जातो तेव्हा कॉलेजचं एक पूर्ण वर्ष त्यात असतं, आणि जानेवारीत अपडेट भरायचा असतो त्यात दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या टर्मचे ग्रेडही जातात. सगळे माझे, सगळे नंतरचे. त्या वाईट वर्षाचं स्पष्टीकरण द्यायची वेळच आली नाही. वडिलांच्या आजारपणाबद्दल एक ओळही न लिहिता अर्ज पाठवता आला, याचा मला किती हलकेपणा वाटला हे आकड्यात सांगता येणार नाही.

त्यात टॅग नावाची हमीची सोय आहे. यूसीच्या बॅचलर पदवी देणाऱ्या नऊ कॅम्पसपैकी सहा, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, ठरलेला जीपीए आणि ठरलेले विषय पूर्ण केल्यास प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. हमी एकाच कॅम्पसची घेता येते, बाकीच्यांना नेहमीसारखा अर्ज करता येतो. मी डेव्हिसची घेतली होती, संख्याशास्त्रासाठी. बर्कलीने नकार दिला, डेव्हिसला गेलो. नकार आला त्या दिवशी वाईट वाटलं, पण झोप लागली.

आता याच्या वाईट बाजू, कारण त्या आहेत. कम्युनिटी कॉलेजात वसतिगृह सहसा नसतं. वर्ग संपला की जो तो गाडी काढून कामावर किंवा घरी. शाळेतले मित्र दुसऱ्या गावांत गेलेले, त्यांचे फोटो बघत तुम्ही त्याच खोलीत, त्याच पलंगावर. पहिली टर्म मला फार जड गेली. पुढे विद्यापीठात पोचलात की तिसरं वर्ष सुरू होतं आणि इंटर्नशिपची भरती त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चालू होते. इमारती सापडायच्या आत रेझ्युमे घेऊन उभं राहावं लागतं. प्राध्यापकांच्या लॅबमध्ये पाय ठेवायला इतरांना चार वर्षं असतात, तुम्हाला दोन. काउन्सेलर भेटणं हेही नशिबावर. मला एक फारच चांगल्या बाई मिळाल्या, पण त्यांची वेळ मिळवायची म्हणजे टर्मच्या पहिल्याच आठवड्यात हालचाल करावी लागायची.

आणि तिथे ए सहज मिळतो, हा समज घेऊन जाऊ नका. माझा कॅल्क्युलसचा कोर्स शाळेतल्या एपीपेक्षा सोपा अजिबात नव्हता. सी मिळाला तर तिथेही अडकला, कारण कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत पास झालेला विषय ग्रेड सुधारण्यासाठी पुन्हा घेता येत नाही. म्हणून टर्म हाताबाहेर जातेय असं दिसलं तर मुदतीच्या आत विषय सोडणं शहाणपणाचं. ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, दिसतो, पण एखादा डब्ल्यू कोणाला खटकत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. राज्यातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टर युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे दोन वर्षांची मिळून तीन हजार डॉलरच्या आत. पहिल्यांदाच आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना अनेक कॉलेजं तीही माफ करतात. यूसीची नुसती ट्यूशन वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास, राहणं-खाणं वेगळं. पण हा हिशेब सगळ्यांना सारखा लागू नाही. घरचं उत्पन्न कमी असेल तर मोठी श्रीमंत खासगी कॉलेजं मदत देऊन यूसीपेक्षाही स्वस्त पडू शकतात. आणि गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्या बहुतेक फ्रेशमनसाठीच राखलेल्या असतात, ट्रान्सफरवाल्याच्या वाट्याला फार काही येत नाही.

खासगी आणि अतिनामांकित कॉलेजंच हवी असतील तर मात्र माझ्या रस्त्याचा मोह धरू नका. हार्वर्ड, एमआयटी इथे ट्रान्सफरने दरवर्षी मूठभर घेतात. प्रिन्स्टनने तर १९९० नंतर ट्रान्सफर बंदच ठेवली होती, ती २०१८ मध्ये पुन्हा सुरू केली. कॉर्नेल आणि दक्षिण कॅलिफोर्नियातलं यूएससी बऱ्यापैकी संख्येने घेतात, पण ते अपवाद म्हणावेत. शिवाय खासगी कॉलेजं हायस्कूलची ट्रान्सक्रिप्ट मागतात. दोन वर्षांनंतर गेलात तर तिचं वजन उतरलेलं असतं. चौथा रस्ता धरणारे बहुतेक जण एका वर्षानंतर प्रयत्न करतात. अर्ज मार्चच्या आसपास जातो, तेव्हा कॉलेजचं एकच सेमिस्टर हातात असतं आणि पुन्हा तीच अकरावी मध्ये येते. त्यात क्रेडिट वाया जाण्याचा धोका वेगळा. अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षण विभागाने, जीएओने, २०१७ मध्ये अंदाज दिला होता की ट्रान्सफर घेणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट नव्या कॉलेजात धरली जात नाहीत. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजातून यूसीला जाताना कोणता विषय कशाच्या बदल्यात धरतात ते असिस्टच्या वेबसाइटवर आधीच लिहिलेलं असतं, म्हणून तिथे ही भीती कमी. व्हर्जिनियात कम्युनिटी कॉलेजांचे राज्य विद्यापीठांशी हमीचे करार आहेत, यूव्हीए, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया, सुद्धा त्यात आहे. तुमच्या राज्यात असं काही लेखी नसेल तर माझं निम्मं म्हणणं तिथे लागू होत नाही.

तेव्हा माझा कल असा. घसरण एकाच सेमिस्टरची असेल, कारण स्पष्ट असेल आणि काउन्सेलर पाठीशी असेल, तर बारावीतच रेग्युलर फेरीत अर्ज करा. एखादं वर्ष अडखळलेली मुलं दरवर्षी चांगल्या ठिकाणी जातात. बारावी दणदणीत झाली असेल, खासगी कॉलेजंच हवी असतील आणि व्हिसाची घाई नसेल तर गॅप इयर. अख्खी अकरावी गेली असेल, राज्यातलंच विद्यापीठ चालणार असेल आणि दोन वर्षं घरी राहायची मनाची तयारी असेल, तर कम्युनिटी कॉलेजकडे निदान एकदा नीट बघा. कंप्युटर सायन्स हवं असेल तर तिथेही जपून. टॅग देणाऱ्या काही कॅम्पसनी ते आणि इंजिनियरिंग हमीतून वगळलं आहे, आणि बर्कली-एलएत त्या विषयाची ट्रान्सफर सरासरीपेक्षा खूप कठीण आहे.

तसं ठरवलंत तर पहिल्या टर्मचे विषय निवडण्याआधीच असिस्टवर तुमच्या मेजरचं, म्हणजे मुख्य विषयाचं, पान काढून ठेवा, आणि कॅल्क्युलस किंवा फिजिक्ससारखी दोन-तीन कोर्सची मालिका एकाच कॉलेजात संपवा, मध्ये कॉलेज बदललं तर ती धरताना वाद होतात. टॅगचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या १ ते ३० सप्टेंबरमध्येच भरता येतो, आणि तो यूसीच्या मुख्य अर्जापेक्षा वेगळा आहे. दोन्ही भरावे लागतात.